चार पाऊणे तीन, आणि दिवाळीच्या सुट्टीतला आमचा कॅम्प

भाऊबीजेला बहिणीकडे जेवलो, ओवाळणी घातली आणि हात पुसत पुसतच बस गाठली. बसमध्ये चोवीस पोरं. वय वर्षं दहा ते चौदा, सगळी ठाणे-डोंबिवली पट्ट्यातली, प्रत्येकाच्या सॅकमध्ये आईने भरलेला फराळाचा डबा आणि प्रत्येक डब्यात चकली, त्यामुळे माणगाव यायच्या आत बसभर चकलीचा चुरा आणि एकाची उलटी. मी बँकेत नोकरी करतो. कॅम्पबिम्पशी माझा संबंध शून्य. माझा शाळेपासूनचा मित्र गेली काही वर्षं सह्याद्रीत मुलांचे कॅम्प घेतो, यंदा पहिल्यांदाच समुद्रावर घ्यायचं त्याच्या डोक्यात आलं आणि त्याचा एक माणूस ऐनवेळी गळाला, म्हणून मला फोन. "तुला काय करायचं नाहीये रे, फक्त मोठं माणूस म्हणून उभं राहायचंय." पाच दिवसांत मी किती वेळा नुसता उभा राहिलो ते पुढे येईलच.

जागा आंजर्ल्याला, दापोली तालुक्यात. माणगाव, आंबेत, मंडणगड असं करत पहाटे पोचलो. मित्राच्या ओळखीतल्या एका अण्णांची नारळ-सुपारीची वाडी आहे, वाडी संपली की सुरूचं बन, बन संपलं की पुळण. टेंट बनाच्या कडेला लावायचे, स्वयंपाक वाडीत चुलीवर, आंघोळीला विहीर, आणि संडास दोन. हो, दोनच. चोवीस पोरं, पाच मोठी माणसं. रोज पहाटे साडेपाचला तिथे जी लाइन लागायची ती बघून रेशनचे दिवस आठवायचे, तिसऱ्या दिवशी तर पोरांनी स्वतःच टोकन पद्धत काढली, शंखावर स्केचपेनने नंबर लिहून.

आधी हवेबद्दल सांगतो, कारण निघण्यापूर्वी पालकांच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त चर्चा स्वेटरवर झाली होती. दिवाळी म्हणजे थंडी हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. समुद्रावर तसलं काही नसतं. दुपारी पस्तीसच्या आसपास, वारा पडलेला, घाम वाळतच नाही, अंगाला मीठ लावून ठेवल्यासारखं चिकट. आणि रात्री दहिवर. इतकं दव पडतं की सकाळी टेंटच्या बाहेर ठेवलेले बूट पिळून काढावे लागले, आणि बाहेर दोरीवर वाळत घातलेले टॉवेल संध्याकाळपेक्षा सकाळी जास्त ओले. एक मुलगी रात्री टेंटचं दार उघडं ठेवून झोपली (उकडत होतं, तिचं काही चुकलं नाही), सकाळी तिची उशी भिजलेली आणि ती मला म्हणते दादा पाऊस पडला का रात्री. नव्हता पडला. तेव्हा नव्हता.

पहिला अख्खा दिवस टेंट लावण्यात गेला. टेंट भाड्याने आणले होते, कुठून ते नाव घेत नाही, पण बारा टेंट सांगितले आणि बाराच आले खरे, फक्त दोघांच्या दांड्याच नव्हत्या. उरलेले दहा मित्राने फटाफट लावले, त्याचा हात बसलेला आहे, खुंट्या ठोकल्या, टाळ्या झाल्या, आणि अकराच्या सुमारास वाऱ्याची एक झुळूक आली तशी अर्धे टेंट खुंट्यांसकट उठून बनाकडे चालायला लागले. डोंगरावर खुंटी मातीत रुतते, वाळूत काय रुतणार? मित्र लांब खुंट्या शोधायला लागला, मी दगड आणायला पोरं पिटाळली, तर पुळणीवर दगड कुठला.

अण्णा वाडीच्या बांधावर उभं राहून बराच वेळ हे बघत होते. साधारण सत्तरीचे, कमरेला पंचा, तोंडात पान. मग काही न बोलता आत गेले आणि सोडणांची एक टोपली घेऊन आले. सोडण म्हणजे नारळ सोलल्यावर राहतं ते काथ्याचं साल. टेंटची दोरी सोडणाला मधोमध बांधायची, हातभर खड्डा खणायचा, त्यात सोडण आडवं टाकायचं, वाळू लोटायची आणि वरून पायाने थपाथपा दाबायचं. बस्स. मी दोरी दोन्ही हातांनी ओढून बघितली, हललं नाही. पोरांना तर हे खड्डा खणायचं काम इतकं आवडलं की गरज नसताना पण चार-पाच सोडणं पुरली गेली, ती बहुतेक अजून तिथेच असतील. मित्राचा चेहरा थोडा उतरला होता पण त्याने ते मनाला लावून घेतलं नाही, उलट वहीत चित्र काढून ठेवलं.

अजून एक गोष्ट अण्णांनीच सांगितली, जी आपल्याला सुचायला हवी होती. एक टेंट आम्ही छान सावली बघून माडाखाली लावला होता. अण्णा वर बघून म्हणाले, "ह्यो काढा. नारळ काय सांगून पडत नाय." काढला. त्याच रात्री दोनच्या सुमाराला धप्प करून आवाज आला, टॉर्च घेऊन गेलो तर नारळ नव्हता, अख्खी वाळकी झावळ होती, देठासकट, टेंट होता बरोब्बर त्या जागेवर. मी ती झावळ उचलून बघितली. नुसत्या देठाकडच्या भागाचं वजन पाच-सहा किलो तरी असेल. पोरांना सांगितलं नाही. पालकांच्या ग्रुपवर तर अजिबात नाही.

आता टाइमटेबल. मित्राने लॅमिनेट करून आणलं होतं, रंगीत. सकाळी ७ खडकांवर निसर्गभ्रमण, संध्याकाळी ५ समुद्रात खेळ, पाचही दिवस तेच. पहिल्या दिवशी पाचला आम्ही पोरांना रांगेत घेऊन पुळणीवर उतरलो तर अण्णा समोरून आले आणि सरळ आडवे उभे राहिले. "आता नाय. पाणी वढतंय." ओहोटी लागलेली होती. उतरतं पाणी पायाखालची वाळू काढून घेतं आणि माणसाला आत नेतं, पोरांना न्यायचंच असेल तर भरत्या पाण्यात न्या, तेही गुडघ्यापर्यंत, हे त्यांचं म्हणणं. मग भरती किती वाजता ते बघायला मित्राने मोबाइल काढला आणि अर्थातच रेंज नव्हती. अण्णांनी विचारलं, उद्या काय, चौथ ना? आणि अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत म्हणाले, "चार पाऊणे तीन. तीनला भरंल, नऊला सुकंल."

मला पहिल्यांदा कळलंच नाही हे काय चाललंय. मग त्यांनी सांगितलं. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चौथ असेल तर तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीन. अष्टमीला सहा. पुनवेला सव्वाअकरा. त्यात सहा-सव्वासहा तास मिळवले की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. प्रतिपदेपासून परत पहिल्यापासून मोजायचं. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पाव-अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण पोरं कधी पाण्यात न्यायची हे ठरवायला पुरेसं आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्यामागे मागे सरकते, पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, झालं की. आमच्या आजोबांना पाऊणकीचा पाढा यायचा आणि आम्ही त्यांना हसायचो, की कॅलक्युलेटर असताना हा पाढा कशाला.

तर लॅमिनेटेड टाइमटेबल उलटं करून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पोरांनी नवीन केलं. पंचमी, पाच पाऊणे पावणेचार. षष्ठी, साडेचार. सातवीतला एक चष्मिश होता, अपूर्णांक म्हटलं की पळणारा (हे त्याच्याच तोंडून कळलं), त्याने पाचही दिवसांचं गणित करून दिलं आणि मग दिवसभर कोणाच्याही वाढदिवसाची तिथी विचारून त्या दिवशी भरती किती वाजता होती ते सांगत फिरत होता.

चौथीला सकाळी साडेआठला खडकांवर गेलो आणि नऊला पाणी खरंच पार खाली गेलं. मला वाटतं कॅम्पमधली सगळ्यात भारी सकाळ ती. खडकांच्या खळग्यांत पाणी साचलेलं, त्यात समुद्रफुलं, बोट जवळ नेलं की मिटणारी, गोगलगायी, काचेसारखे इवलेसे मासे, आणि पाठीवर शंख घेऊन इकडून तिकडे पळणारे खेकडे ज्यांना पोरांनी भाडेकरू असं नाव ठेवलं कारण ते दुसऱ्याच्या घरात राहतात. पुळणीवर तर वाळूच्या बारीक बारीक गोळ्यांची रांगोळीच. इवले खेकडे वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाण्यासारखं काढतात आणि उरलेल्याची गोळी करून टाकतात, भरती आली की सगळं पुसलं जातं, परत ओहोटीला नवीन. एक पोरगी तिथे पोटावर आडवी होऊन एकाच बिळाकडे वीस मिनिटं बघत होती आणि गोळ्या मोजत होती, तिला जेवायला हाक मारायची माझी हिंमत झाली नाही.

खडकांवर गावातल्या दोन बायका कालवं काढत होत्या. कोयतीच्या टोकाने टक् करून शिंपला उघडायचा, आतला गर डब्यात. पोरांनी विचारलं मावशी किती वेळ लागतो डबा भरायला. तर ती म्हणाली दोन सुकत्या. म्हणजे उजेडातली एकेक धरून दोन दिवस! आमच्यातल्या एकाने चव बघायला मागितलं, तिने दिलं, त्याने तोंडात टाकलं, आणि मग तो बराच वेळ कोणाशी बोलला नाही.

कासवं कुठे आहेत हे मला पाच दिवसांत साधारण चाळीस वेळा विचारण्यात आलं. वेळासला, आंजर्ल्याला कासवांची अंडी जपतात, पिल्लं समुद्रात सोडतात, ते व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेले. पण ते सगळं थंडी पडल्यावर सुरू होतं आणि पिल्लं बघायला मिळतात ती फेब्रुवारी-मार्चच्या पुढे. दिवाळीत कुरव बघा म्हटलं. कुरव म्हणजे सीगल, ते नुकतेच उत्तरेकडून येऊन टेकलेले, ओल्या वाळूवर सगळे वाऱ्याकडे तोंड करून बसलेले. पोरांना कासवंच हवी होती. असो.

स्वयंपाकाचा एक किस्सा सांगायलाच हवा. मित्राने ठाण्याहून आचारी आणला होता, चांगला माणूस, लग्नाच्या पंगती केलेला. अण्णांच्या घरातून हौसेने नवे तांदूळ आले, हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात दसऱ्याच्या आसपासच घरात आलेलं, त्याचे. आचाऱ्याने नेहमीच्या मापाने पाणी घातलं. नव्या तांदळात ओल असते, त्याला पाणी कमी लागतं, हे त्याला माहीत नव्हतं आणि मला तर नव्हतंच. झाकण काढलं तर आत भात नाही, खळ. आचारी रडकुंडीला आला. तेवढ्यात अण्णांच्या सूनबाई, आम्ही वहिनी म्हणायचो, आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या अजून पाणी घाला. आम्ही बघतच राहिलो. अजून पाणी, मीठ, दोन उकळ्या, झाली पेज. सोबत भाजलेला पापड, लोणचं, आणि ज्यांना चालतं त्यांना सुकटीची चटणी. घरी भाताला नाक मुरडणारी पोरं वाडगे चाटत होती. पेजेसाठी तिसऱ्यांदा आलेल्या एकाच्या आईने फॉर्मवर लिहिलं होतं, "भात खात नाही, कृपया पोळीची सोय करावी."

आता भाताचं. अण्णांचं गरवं भात त्याच आठवड्यात कापणीला आलं होतं. गरवं म्हणजे उशिरा तयार होणारं. वाडीच्या मागे पाणंद ओलांडली की त्यांची चार-पाच खाचरं. चौथीला दुपारनंतर ऊन जरा कललं तशी पोरांना तिकडे नेलं, टाइमटेबलमध्ये "शेतीची ओळख, ४५ मिनिटं" असं लिहिलेलं होतं. नेण्याआधी मित्राने दम दिला होता, सगळ्यांनी पायात बूट, कुठेही हात घालण्याआधी काठी, आणि रात्री टॉर्चशिवाय टेंटच्या बाहेर पाऊल नाही. कारण फुरसं. कोकणात सड्यावर, बांधाच्या दगडांत फुरशी असतात, वीतभर-हातभर साप, मातीच्या रंगाचा, दिसत नाही, अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करतो. जवळच्या सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे का हे मित्राने यायच्या आधीच फोन करून विचारून ठेवलं होतं आणि गाडी चोवीस तास उभी. मला आधी हे अति वाटलं होतं. पण भात कापताना उंदीर पळतात आणि उंदरांमागे साप असतोच, कापणाऱ्या बायकांच्या पण डोळ्यांत तेल घातलेलं होतं. आम्हाला सुदैवाने एक धामण सोडून काही दिसलं नाही, आणि ती धामण पोरांच्या आरडाओरड्यानेच अर्धमेली झाली असेल.

विळा आम्ही मोठ्यांनीच धरला, पोरांना मुठी उचलून आडव्या पसरायचं काम. डाव्या हाताने बुंध्याशी मूठ पकडायची, विळा जमिनीलगत आपल्याकडे ओढायचा, कर्र. वहिनींची मूठ संपायच्या आत दुसरी सुरू, कंबर एकदा वाकली ती बांधापर्यंत वर नाही. मी सात-आठ मुठींत गार. आणि भाताच्या पात्याला धार असते हे मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कळलं. कोपरापर्यंत बारीक बारीक ओरखडे, तेव्हा काही वाटत नाही, रात्री आंघोळीचं गरम पाणी पडलं की मग सगळे देव आठवतात. पोरांच्या हातापायांना कुसळांची खाज. वहिनींनी खोबरेल तेल दिलं, रात्री टेंटमधून सगळीकडे खोबरेलचाच वास.

कापलेलं भात लगेच उचलत नाहीत. दोन-तीन दिवस खाचरातच पसरून उन्हात वाळू देतात, मग भारे बांधून खळ्यावर आणायचे आणि झोडायचे. म्हणजे हे दोन-तीन दिवस भात उघड्यावर पडलेलं, आणि वर आभाळ. ह्या दिवसांत पाऊस आला तर लोंब्यांत जमिनीवरच कोंब येतात, दाणा काळा पडतो, पेंढा कुजतो, गुरंही खात नाहीत. २०१९ च्या दिवाळीत क्यार वादळ आलं तेव्हा कापलेलं भात पाण्यात तरंगत होतं, आणि पुढच्याच वर्षी ३ जूनला निसर्ग. त्या एका दिवसात अण्णांच्या वाडीतली बहुतेक सुपारी आडवी झाली. नवीन लावलीय पण सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. आम्ही रात्री शेकोटीभोवती ज्या ओंडक्यांवर बसायचो ते निसर्गात पडलेले माड, हे अण्णांनी असं सांगितलं जसं आपण सांगतो की हे कपाट लग्नात घेतलं.

पंचमीला सुवर्णदुर्ग होता. पोरांना सगळ्यात जास्त ओढ त्याचीच, कारण बोट. हर्णैसमोर समुद्रात तो किल्ला, शिवाजी महाराजांच्या आरमारातला, पुढे कान्होजी आंग्र्यांचा, १७५५ मध्ये इंग्रजांनी घेतला, आणि २०२५ च्या जुलैमध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांमधला एक. मित्राने आदल्या रात्री हे सगळं रंगवून सांगितलेलं. सकाळी आवरून निघणार तेवढ्यात बोटवाल्याचा निरोप, हर्णैला तीन नंबरचा बावटा (बंदरावरचा वादळी हवेचा इशारा) लागलाय, बोट सुटणार नाही. वर बघितलं तर निळं आभाळ, ऊन, समुद्र जरासा गढूळ, बस. पोरांचा विश्वासच बसेना, एक तर रडायलाच लागला, मलाही वाटलं बोटवाला टाळतोय.

मग आंजर्ल्याच्या खाडीवर गेलो, निदान काहीतरी दाखवावं म्हणून. आणि तिथे जे दिसलं ते आयुष्यात विसरणार नाही. हर्णैचं बंदर उघडं आहे, वादळाला तिथे आडोसा नाही, म्हणून बोटी आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात. एकामागे एक, रांगेत, झेंडे लावलेल्या, रंगीत, डिझेलचा टकटक आवाज, काही बोटींवर जाळी तशीच अर्धवट ओढलेली. खाडीचं तोंड अरुंद आणि गाळाचं, पाणी भरतं असताना शिरलेलं बरं. चष्मिशने लगेच सांगितलं, पावणेचारला फुल. पोरं पुलाच्या कठड्याला टेकून बोटी मोजायला लागली, शंभरावर गेल्यावर दोन गट पडले आणि आकड्यावरून भांडण झालं. खलाशी हात करत होते, पोरं ओरडत होती. किल्ल्याचं नाव कोणी काढलं नाही.

जेवणं उशिरा झाली. साडेचारला दक्षिणेकडून काळं वर यायला लागलं. वारा एकदम थांबला, सुरूचा तो कायम चालणारा सूं सूं आवाज पण बंद. आम्ही टेंटच्या दोऱ्या ताणत होतो तेवढ्यात वहिनी पळत आल्या, चप्पल एकाच पायात. "भाऊजी, ताडपत्र्या हायत ना तुमच्याकडं? नि पोरं?"

आमच्याकडे सहा मोठ्या ताडपत्र्या होत्या, निळ्या, पाऊस आला तर टेंटवर टाकायला म्हणूनच आणलेल्या. मित्राने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात पहिला विचार आला की पालकांना काय सांगायचं. मित्राने तोपर्यंत दोन ताडपत्र्या खांद्यावर टाकून चालायला सुरुवात केली होती.

पुढचा तास कसा गेला ते मला नीट आठवत नाही, तुकड्या तुकड्यात आठवतं. खाचरात वाडीतलं अख्खं माणूस, शेजारची दोन घरं, त्यांचं स्वतःचं उचलून झालेलं ते इकडे आलेले. मुठी गोळा करायच्या, पेंढ्याचाच पीळ देऊन दोर, त्यात भारा आवळायचा, गुडघा रोवून, आणि डोक्यावर. मोठे भारे मोठ्यांनी, पोरांनी कवेत मावेल तेवढं. खाचरापासून खळ्यापर्यंत पोरांची साखळी लावली, पाणंदीतून, हातातून हातात. लोंब्या गळू नयेत म्हणून अण्णा ओरडत होते आपटू नका, आपटू नका. पहिले थेंब पडले तेव्हा दोन खाचरं उचलून झाली होती आणि तिसरं अर्धं. खळ्यावर भारे रचले, लोंब्या आत आणि बुंधे बाहेर, वर आमच्या चार ताडपत्र्या, कडांवर चिरे. उरलेलं तिथल्या तिथे गोळा करून बांधावरच ढीग, त्यावर दोन. एका कोपऱ्यातलं राहिलंच. अण्णा म्हणाले सोडा ते, आणि पोरांना हाताला धरून पडवीत नेलं.

मग जो कोसळला. दीड तास. परतीचा पाऊस म्हणायचा की काय ते हवामानखात्याला माहीत, आम्हाला तर तो फक्त आमच्यावरच परतलेला वाटला. लाइट गेले. टेंटचं काय झालं असेल ते माहीतच होतं, जाऊन बघायची इच्छा नव्हती. आठ वाजता मी आणि मित्र टॉर्च घेऊन गेलो. सोडणांनी दोऱ्या धरून ठेवलेल्या, एकही टेंट उडाला नव्हता. आत मात्र घोटा बुडेल एवढं पाणी. म्हणजे टेंट नाही, बादल्या.

पोरं त्या रात्री गावातल्या देवळाच्या सभामंडपात झोपली. गुरवकाकांनी सतरंज्या काढून दिल्या, शेजारच्या घरांतून गोधड्या आल्या, कोणाच्या कोणाला काही पत्ता नाही. वहिनींनी कुळथाचं पिठलं आणि भात केला, ह्या वेळी पाणी बरोबर. पोरं इतकी दमलेली की अंताक्षरीचा दुसरा भेंडा येईपर्यंत निम्मी आडवी. पाऊस थांबल्यावर रात्री अकराला आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं, चंद्र कधीच मावळलेला, आणि जी चार-पाच जागी होती त्यांना मित्राने देवळाच्या पायरीवरून कृत्तिका दाखवल्या, आणि देवयानीतला तो धुरकट ठिपका, जो म्हणजे दुसरी आख्खी आकाशगंगा, पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब. एकीने विचारलं, तिथे भरती किती वाजता. मित्राला उत्तर सुचलं नाही.

षष्ठीचा दिवस सगळा वाळवण्यात गेला. सुरूच्या बनात दोऱ्या बांधून झोपायच्या पिशव्या, बूट, फराळाचे डबे, एकाची भिजलेली गाइड. खळ्यावर अण्णांनी ताडपत्र्या काढून भारे परत पसरले, पोरं पाळीपाळीने उलटत होती. शेती ओळखीच्या ४५ मिनिटांचे दोन दिवस झाले होते, आणि कोणी तक्रार केली नाही, फक्त एकाने विचारलं आज अॅक्टिव्हिटी काय आहे, तर बाकीचे त्याच्यावर हसले. कोपऱ्यात राहिलेलं भात बघायला मी गेलो होतो. चिखलात लोळलेलं, लोंब्या मातीत दाबलेल्या. अण्णा तिथे उकिडवे बसून एक एक मूठ उचलून झटकत होते. किती गेलं विचारलं तर म्हणाले, "कोंबड्यांना व्हईल."

सप्तमीला दुपारी निघालो. रेंज आल्यावर माझ्या फोनवर एकशे बारा मेसेज, पैकी शंभर तरी "पाऊस आहे का तिकडे?"

ताडपत्र्या आम्ही तिथेच ठेवून आलो, झोडणी व्हायची होती. टेंट मात्र परत करायचे होते, ते घाईत ओलेच गुंडाळले, आणि दिवाळीनंतरच्या कामाच्या गर्दीत दहा-बारा दिवस मित्राच्या गॅरेजमध्ये पडून राहिले. दिले तेव्हा भाडेवाल्याचा फोन मला आला, कारण पावतीवर माझा नंबर. डिपॉझिटमधले सहाशे कापतोय म्हणाला. म्हटलं का, दोन टेंटच्या दांड्या तर तुम्हीच दिल्या नव्हत्या. तर म्हणे दांड्यांचं सोडा साहेब, तुमच्या एका टेंटच्या घडीत गवत उगवलंय. मी फोटो पाठवायला सांगितला. गवत नव्हतं, भात होतं, चांगले दोन बोटं उंच कोंब. मी तो फोटो अण्णांच्या सूनबाईंना पाठवला आणि सहाशे कापू दिले.